चाळीस प्रतींची साक्ष

सोमवार, १८ ऑगस्ट

आले बाई एकदाची केर्न्सला! विमानात शेजारच्या बाईनं माझ्या पायाशी ठेवलेल्या बर्फाच्या डब्याकडे दोनदा नाक मुरडून पाहिलं. आत आईनं दिलेले खेकडे होते. मुरडू दे नाक, तिला कोण देतंय?

राहायची खोली छान आहे. खिडकीला लागून आंब्याचं झाड आणि त्यावर वटवाघळांचं भांडण. चित्रांची गॅलरी समुद्राकडच्या रस्त्यावर आहे. खाली दुकान, वर छपाईची खोली, आणि तिच्या बाजूला कामाची खोली, माझी. माझी! बेटावरच्या कलाकेंद्रात मी अकरा वर्षं चित्रं तपासायचं, नोंदवायचं हेच काम केलं, पण तिथं कामाचं टेबल, जेवणाचं टेबल आणि पोरांचं रंग सांडायचं टेबल एकच होतं. इथं मोठमोठ्या सपाट खणांचं कपाट आहे, तिरपा उजेड पाडणारा दिवा आहे, भिंग आहे आणि पांढऱ्या हातमोज्यांची कोरी जोडी.

मालक रसेल व्हिटकोम साठीचा आहे, गोरा, उन्हानं टोमॅटो झालेला. म्हणाला, अगाथाची भाची आली म्हणजे घरचंच माणूस आलं. मला बरं वाटलं. मुद्दाम लिहून ठेवते, कारण गोड बोलणाऱ्या माणसांनी मला सहसा बरं वाटत नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

पहिलंच काम अगाथा मावशीचं. तिचा शेवटचा छपाईचा ठोकळा, ‘भरतीची वाट’. लिनोच्या मऊ थरावर कोरलेला, जवळजवळ माझ्या उंचीचा. डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, आणि तिचं पिल्लू, भोवती पाण्याच्या हजारो रेघा, एकही रेघ दुसरीला चिकटलेली नाही. मी एकटीच होते, त्यामुळे रडून घेतलं.

आवृत्ती चाळीसची. म्हणजे जगात ह्या चित्राच्या चाळीसच प्रती, प्रत्येकीखाली मावशीनं पेन्सिलीनं आकडा, नाव आणि सही करायची, आणि मग ठोकळ्यावर फुली मारून तो कायमचा मारून टाकायचा. ठोकळ्यावर फुली दिसली नाही. रसेलला विचारलं, तर म्हणाला सॉलोमन सुट्टीवरून आला की मारेल. सॉलोमन म्हणजे इथला छापणारा, आमच्याच बेटांकडचा. सध्या बाडू बेटावर मासे मारत बसलाय.

भिंतीवरच्या लेबलासाठी रसेलनं मजकूर लिहून दिला होता. मृत्यूच्या छायेत थरथरत्या हातांनी कोरलेलं वगैरे वगैरे. मावशीचा हात शेवटपर्यंत थरथरला नाही. मी ते फाडलं आणि साधं लेबल लिहिलं. नाव, बेट, वर्ष, कागद, आकार. मरणाचं वर्ष घातलं नाही. सत्तावीस सप्टेंबरला तिच्या कबरीवरचा दगड उघडायचाय. दगडावरचं कापड निघालं, नाच झाला, जेवणं झाली, की ती गेली. तोवर ती गेलेली नसते. आसपास असते आणि सगळं ऐकते. रसेलला हे सांगितलं, तर म्हणाला हेही लेबलावर घालूया, लोकांना आवडेल. मी म्हटलं, तुझ्या बापाच्या कबरीवर लेबल लाव.

मनात म्हटलं. दुसराच दिवस होता.

बुधवार, २० ऑगस्ट

चाळीस प्रमाणपत्रं लिहिली. शुक्रवारी सिडनीची गिऱ्हाइकं येणार, सगळं तयार हवं, म्हणून रसेल सकाळपासून मानेवर बसला होता. प्रती पातळ कागदात गुंडाळून दोन खणांत ठेवलेल्या. पहिल्या दहा मी भिंगाखाली घातल्या. मावशीचीच सही, तिचा तो डावीकडे कलंडलेला पहिला ‘अ’, छापखान्याचा उठावाचा शिक्का, सगळं जिथल्या तिथं. पुढच्या मी उघडल्या नाहीत. शितावरून भाताची परीक्षा केली. प्रत्येक प्रमाणपत्रावर लिहिलं, ‘ही प्रत कलावंतानं स्वतःच्या हातानं सही केलेली आहे, मी साक्ष आहे’, आणि खाली माझं नाव. डॉर्कस. चाळीस वेळा.

हात दुखला. संध्याकाळी नारळाचं दूध घालून रताळी शिजवली आणि लवकर झोपले.

सोमवार, २५ ऑगस्ट

सॉलोमन मामा आला. पोटासकट दारातून आत यायला त्याला वेळ लागतो. मला पोरी म्हणाला, आईची चौकशी केली, बाडूचा सुका मासा दिला. मग टेबलावरची प्रमाणपत्रांची यादी पाहून त्याचं हसू गेलं. म्हणाला, पोरी, चाळीस कुठून आणलेस? तिनं बावीसच सह्या केल्या. तेविसावी प्रत पुढ्यात घेतली आणि चक्कर आली म्हणून उठली, ती थेट दवाखान्यात. तिथून कुठं गेली ते तुला माहीत आहे. अठरा प्रती कोऱ्या पडल्यात.

मी दुसरा खण उघडला. तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस आणि सत्तावीस ह्या पाच प्रतींवर सही आहे. बाकीच्या तेरा कोऱ्या.

म्हणजे रसेल खोट्या सह्या करतोय. मेलेल्या बाईच्या! आणि त्यावर साक्ष कुणाची, तर माझी. अंगाचा असा तिळपापड झाला की हातमोजे न काढताच खाली गेले आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना त्याला बोलले. तो लाल होता तो पांढरा झाला. आईची शपथ घेतली. म्हणाला, मला नीट सही करता आली असती तर मी हे दुकान कशाला चालवलं असतं?

मंगळवार, २६ ऑगस्ट

काल जाताना खणाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात. सकाळी अठ्ठावीसवर सही होती.

भिंगाखाली घातली. खोटी सही मी ओळखते. नक्कल करणारा हळू जातो, वळणावर थांबतो, पेन्सिलीची भुकटी तिथं साचते. इथं हात न थांबता गेलाय. कलंडलेला ‘अ’. मामाला दाखवली. त्यानं बराच वेळ पाहिली, मग टोपी काढली.

गुरुवार, २८ ऑगस्ट

आज माझ्यासमोर झाली.

सकाळचे अकरा. लख्ख ऊन, खाली रस्त्यावर आइस्क्रीमची गाडी वाजत होती. मी दुसऱ्या कुणाच्या चित्रांना लेबलं लावत बसले होते. कुलूपबंद खणातून आवाज आला. खरखर, खरखर, टिंब. पेन्सिल कागदावर चालते तसा. मी खण उघडला. तिसाव्या प्रतीवर सही होती आणि अक्षरावर ग्रॅफाइट अजून चमकत होतं.

मला भीती वाटायला हवी होती. आधी राग आला. तिला सत्तर वर्षं सुख नव्हतं. लहानपणी दुसऱ्यांची भांडी, मग नवऱ्याची, मग आठवड्यातून तीनदा सुया खुपसून रक्त धुणं. आता तरी पडू द्या की तिला!

आईला फोन केला.  ती एवढंच म्हणाली की दगड उघडेपर्यंत गेलेल्या माणसाच्या नावानं शब्द देऊ नये, हे मी तुला लहानपणापासून सांगत आले. माणूस तो पाळत बसतं. तू तिच्या वतीनं चाळीसची साक्ष दिलीस, आता ती चाळीस पुरे करतेय. तुला खोटं पडू देणार नाही ती.

रसेलवर मी काय रागावू? लिहिलं मी. माझ्या आळशी हातांनी.

रविवार, ३१ ऑगस्ट

चर्चमध्ये गेले, पण गाता आलं नाही. मावशीचा मुलगा एलायजा ह्याचा बेटावरून फोन आला. दगडाच्या तयारीचं सांगत होता, किती कापड, किती डुकरं, कुणाकुणाची बोट येणार. मग आवाज बारीक करून म्हणाला, डॉर्कसताई, आई रोज स्वप्नात येते. काही बोलत नाही. उजवा हात पुढे करते. बोटं वाकडी झालीत तिची.

मी परत कापडाच्या मोजमापावर आले. काय सांगू?

बुधवार, ३ सप्टेंबर

प्रमाणपत्रं परत मागितली, फाडून टाकायला. रसेल म्हणाला, सिडनीला गेली. चाळीसच्या चाळीस प्रती विकल्या गेल्यात, सह्या होतील तशा पाठवू. म्हणजे ह्याला माहीत आहे! मी विचारलं, कसं होतंय ते तुला माहीत आहे का? त्यानं खांदे उडवले. म्हणाला, होतंय ना? मग बोंबलतेस कशाला?

आजच्या सहीचा ‘अ’ सरळ झालाय. कागद खाली दबलाय. ती जोर लावतेय.

रविवार, ७ सप्टेंबर

चाळिसावी झाली. रविवार असून मुद्दाम आले होते, मामाही आला. आम्ही दोघं खणाशी बसून राहिलो. खरखर झाली, टिंब पडलं, थांबली. मामानं प्रार्थना म्हटली. मग कोरणी घेऊन आम्ही ठोकळा टेबलावर आडवा केला. फुली मारायला माझा हात होईना. डुगाँगच्या पोटावरून कोरणी कशी फिरवू? मामा म्हणाला, पोरी, मार. हे नाही झालं तर तो रसेल तिला सोडायचा नाही.

मारली. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, दोनदा.

घरी येऊन पोटभर जेवले. विमानाचं तिकीट काढलं, चोवीस तारखेचं. मेजवानीत शेवया घातलेली कोंबडी मीच करणार.

बुधवार, १० सप्टेंबर

हा मेला रसेल! सापाला दूध पाजलं तरी तो एकदाच चावतो, हा माणूस रोज चावतो.

सकाळी ब्रिस्बेनहून खोकं आलं. आत साठ प्रती. ‘भरतीची वाट’, तोच कागद. मी फुली मारायच्या आधीच, मामा सुट्टीवर असताना, ह्यानं ठोकळा गुपचूप तिकडे पाठवून छापून घेतल्या होत्या. ह्यांना ‘कलावंताच्या राखीव प्रती’ म्हणायचं ठरवलंय त्यानं. अशा प्रती चार असतात, फार तर पाच. साठ?

आणि प्रमाणपत्रंही छापून आली. साठ. खाली माझी सही, पहिल्या प्रमाणपत्रावरून उचलून यंत्रानं छापलेली. ती सकाळीच निरनिराळ्या पत्त्यांवर रवाना झाली.

मी लिहिलं नाही म्हटलं तर कोण ऐकणार? सही माझीच आहे. कोऱ्या साठ प्रती खणात घालताना रसेल अगदी नवीन बाळाला पाळण्यात ठेवावं तसा हळुवार झाला होता. मामानं टोपी घातली, कोरण्या गुंडाळल्या आणि नोकरी सोडून गेला. जाताना मला चल म्हणाला. मी म्हटलं, तिला एकटीला टाकून कशी येऊ?

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज तीन झाल्या. एका दिवसात तीन. एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायलाही थांबली नाही.

सत्तावीस तारखेच्या आत संपवायच्यात तिला. दगड उघडायच्या आत. नाहीतर सगळं गाव नाचेल, जेवेल, कापड काढेल, आणि ती इथं कपाटात असेल.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पोलिसांकडे गेले. पोरगेला हवालदार होता, बिचारा शांतपणे ऐकत होता. विचारलं, सह्या खोट्या आहेत का? मी म्हटलं, नाही, खऱ्या आहेत. मग तक्रार काय? खरंच, तक्रार काय?

आधीच्या चाळीस धरून पासष्ट झाल्या. अक्षरं आता अक्षरं राहिली नाहीत. कागदाला ओल येते, सहीच्या उजवीकडे, मनगट टेकतं तिथं. चाखून पाहिली. खारट.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

प्रती जाळायला घेतल्या. काडी ओढली आणि खणातून खरखर इतक्या जोरात, इतक्या घाईनं सुरू झाली की — ती घाबरली. मी जाळलं तर शब्द अपुरा राहील. कायमचा. काडी विझवली. माफ कर म्हटलं. शंभरदा म्हटलं.

रसेलनं वर येऊन मोजून पाहिलं. म्हणाला, अक्षर बिघडतंय, लक्ष दे.

लक्ष दे! मी भिंग फेकून मारलं. कपाळाला लागलं त्याच्या. हसला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

शहात्तर. कमी झाल्यात. दिवसाला एक, कधी तीही अर्धी. ‘अ’ काढते, थांबते. तासाभरानं पुढचं अक्षर. मी खणाशी बसून तिला गोष्टी सांगते. कोण कोण आलंय, दगड कसा आहे, एलायजानं कुठलं कापड आणलंय. थकलीय ती. मला ऐकू येतं थकणं.

एलायजाचा फोन. आई आता स्वप्नात हात पुढे करत नाही. पाठ करून बसते.

बुधवार, २४ सप्टेंबर

विमान गेलं. मी इथंच. आई फोनवर ओरडली, बहीण रडली. कोंबडी कोण करणार म्हणे. करा कुणीही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सत्त्याहत्तर अर्धवट. सकाळपासून आवाज नाही. दुपारी खण उघडला आणि पेन्सिलीचं टोक कागदात रुतलेलं, नुसतं टोक, हात नाही, पेन्सिल नाही —

तेवीस राहिल्या. उद्या तीन वाजता कापड काढणार.

मावशी, सरक. मी बसते.

शनिवार, २७ सप्टेंबर

सकाळी आठ. आयुष्यात कधी खोटी सही केली नाही. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या पकडल्या. सत्त्याहत्तर मी पुरी केली. भिकार दिसते. थांबत थांबत गेलेली, भुकटी साचलेली. मीच पकडली असती.

तरी करणार. ऐंशी.

दहा वाजले. ब्याऐंशीपासून माझा हात — थांबत नाही कुठे. कलंडलेला ‘अ’ आपसूक येतो. तिच्यापेक्षा चांगला. मी म्हणतेय, हात इथं ठेव मावशी, तू जा. बोटीला उशीर होईल. जा.

अडीच. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.

शंभर झाल्या. झाल्या!

तीन वीस. एलायजाचा फोन. कापड निघालं. ढोल इतके मोठ्यानं की त्याचं बोलणं ऐकू येईना. ओरडून सांगत होता, ताई, गेली ती, आत्ता, सगळ्यांना कळलं, म्हाताऱ्या बाया हसायला लागल्या एकदम. मी फोन कानाशी धरून जमिनीवर बसले आणि रडले. गेली. सुटली माझी मावशी.

खणात आवाज नाही. आता बॅग भरते.

चार वाजता. रसेल आला. मागून ढकलगाडीवर खोकं. आणखी दोनशे प्रती आहेत, ठोकळ्यावरून तेव्हाच छापून ठेवल्या होत्या म्हणे. प्रमाणपत्रं काल गेली. माझ्या सहीची. दोनशे.

मी म्हटलं, ती गेली, आता कुणी नाही करायला. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला. मीही पाहिलं.

हातात पेन्सिल आहे. मी उचलली नाही.

हे डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय. उजवा टेबलावर मावशीची सही करतोय. एकशे चार. मी नाही म्हणतेय, मोठ्यानं म्हणतेय, रसेल दिवा जवळ सरकवतोय, नीट दिसावं म्हणून — एकशे सहा — हरामखोर, थांबव, मी साक्ष दिली नाही, माझी नाही ती, मी नाही सही कर